परदेशवारी आणि टॅबलेटमधील सिम

सिन्नरहून परदेशस्थ मुलांकडे निघणाऱ्या आजी-आजोबांच्या सामानात हल्ली खाखऱ्यांच्या डब्याशेजारी टॅबलेटही असतो. अनेकदा तो मुलानेच वापरून दिलेला असतो. म्हणून त्यात सिमची सोय कोणती आहे, हे घरीच पाहून घ्यावे.

केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटला सिम नसते. सेटिंग्जमध्ये ३२ अंकी ‘ईआयडी’ क्रमांक दिसल्यास ई-सिम घेता येते. ॲपलने २०१६ च्या ९.७ इंची आयपॅड प्रोमध्ये स्वतःचे ‘ॲपल सिम’ आतच बसवून दिले होते. परंतु ऑक्टोबर २०२२ पासून त्यावर नवी डेटा योजना सुरू करता येत नाही. अशा टॅबलेटमध्ये त्या देशाचे नॅनो सिम घालणे हाच मार्ग उरतो.

ई-सिम असल्यास गंतव्य देशाची डेटा योजना घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्यावी. विमानतळावरील धावपळीत हे काम ठेवू नये.

मोबाइलमधील भारतीय सिम मात्र काढू नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. टॅबलेटच्या डेटा योजनेवर तो येत नाही. निघण्यापूर्वी त्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि मोबाइलमधील डेटा रोमिंग बंद ठेवावे. योजनेत मुभा असल्यास टॅबलेटच्या हॉटस्पॉटवर मोबाइलचे इंटरनेटही चालते.

घरचा क्रमांक एका सिमकडे, परदेशातील इंटरनेट दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली की सिन्नरच्या घराशी रोज बोलणे होते आणि परतल्यावर मोठ्या बिलाची धास्ती उरत नाही.