नाका चुकवणारं रक्त

आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी यकृताच्या नाक्यावर त्याची झडती होते आणि विषारी माल तिथेच निकालात निघतो. काही कुत्र्यांच्या पोटात मात्र एक आगाऊ रक्तवाहिनी असते. जकात चुकवणाऱ्या ट्रकसारखं रक्त त्या आडवाटेने निसटतं. पशुवैद्य याला ‘लिव्हर शंट’ म्हणतात. रेल्वे यार्डातल्या शंटिंगमधला शंट तोच!

आडवाट जन्माआधीची
गर्भातल्या पिल्लाची सफाई आईच करते, त्यामुळे यकृताला बगल देणारी एक वाहिनी निसर्गच तयार ठेवतो. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. मिटलीच नाही, तर जी सोय होती तीच आजार होऊन बसते.

लहानांची बाहेरून, मोठ्यांची आतून
यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, मोबाइलच्या जाहिरातीतून घराघरांत पोचलेला पग अशा छोट्या जातींत आडवाट म्हणजे बहुधा यकृताबाहेर चुकून तयार झालेली वेगळीच वाहिनी असते. आयरिश वुल्फहाउंड, लॅब्रॅडॉर अशा दांडग्या जातींत ती बहुधा यकृताच्या आतच सापडते.

जेवण मटणाचं, चाल दारुड्याची
प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो. नाका चुकवून तो मेंदूपर्यंत पोचला, की जेवल्यानंतर कुत्रं झिंगतं, गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. कधी फिटही येते.

पाव्हलॉव्हची घंटा नंतरची
1877 साली निकोलाय एक (Eck) या रशियन शल्यविशारदाने कुत्र्यांमध्ये मुद्दाम अशी आडवाट तयार केली. 1893 मध्ये पाव्हलॉव्ह आणि सहकाऱ्यांना दिसलं, की अशा कुत्र्यांना मांस बाधतं. पाव्हलॉव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ आठवते, पण 1904 चं नोबेल त्यांना पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी मिळालं.

दुधातलं कडं
आडवाट एकदम बंद केली, तर पोटातल्या शिरांमधला दाब धोकादायक वाढतो. म्हणून शल्यविशारद तिच्याभोवती एक चिमुकलं कडं बसवतात. बाहेरून स्टील, आतून केसिन, म्हणजे पनीरमधलंच प्रथिन! ते ओलावा शोषून फुगतं आणि काही आठवड्यांत वाट हळूहळू बुजते.

पोट साफ, डोकंही साफ
माणसांना बद्धकोष्ठावर मिळणारं लॅक्टुलोजचं गोड सिरप या कुत्र्यांनाही देतात. ते अमोनियाला आतड्यातच अडकवून बाहेरची वाट दाखवतं.

खडा सांगे कथा
कुत्र्याला युरेटचा मूतखडा झाला, तर पशुवैद्याची नजर यकृताकडे वळते. डाल्मेशियनची गोष्ट वेगळी. त्याच्या खड्यामागे शंट नसतो, जनुकातला बिघाड असतो.

मांजराचे तांबूस डोळे
शंट असलेल्या काही मांजरांचे डोळे तांब्यासारखे चमकतात. दिसायला देखणे, पण ती खूणही असू शकते.

छातीत कारखाना
हृदयाजवळही गर्भातली एक वाहिनी कधी उघडी राहते. स्टेथोस्कोप लावला, की यंत्राची अखंड घरघर ऐकू येते. पुष्कळदा छाती न उघडता, मांडीच्या धमनीतून जाऊन तिला बूच लावता येतं.

घशाखालचा फास
काही पिल्लांत महाधमनी चुकीच्या बाजूला राहते आणि अन्ननलिका वेढ्यात सापडते. दूध उतरतं, पण घट्ट खाणं सुरू केलं की घास तसाच परत येतो. जर्मन शेफर्डमध्ये हा दोष विशेष दिसतो.

तेव्हा पिल्लू भावंडांपेक्षा खुरटं राहिलं, जेवल्यावर गुंगलं किंवा नसबंदीनंतर भूल उतरायला फार वेळ लागला, तर ‘नाजूकच आहे हो आमचं’ म्हणून सोडून देऊ नका. पशुवैद्याला लिव्हर शंट शोधणाऱ्या बाइल ॲसिड टेस्टबद्दल विचारा. रक्ताचा एक नमुना उपाशीपोटी आणि दुसरा जेवल्यावर दोन तासांनी घेतात. नाका चुकवलेला माल त्यात पकडला जातो.