घरचा साबण : बचत केव्हा, तोटा केव्हा?

महागाईत धुण्याचा साबण घरीच करावा, असा विचार अनेक घरांत होतो. विचार चांगला आहे. पण व्यापारी माणसाने आधी हिशेब मांडावा. सगळे तेल नवे विकत आणून केलेला साबण बाजारातल्या वडीपेक्षा महाग पडतो. बचत होते ती तळणातून उरलेल्या तेलात. कोल्हापुरात वडे, भजी, फरसाण तळणारे पुष्कळ आहेत. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या अन्न सुरक्षा नियमाप्रमाणे, तळून तळून मर्यादेपलीकडे खराब झालेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. तेच तेल गाळून घेतले की साबणाला चालते.

प्रमाण असे : तळणाचे सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. सर्व काही तोलूनच घ्यावे. खोबरेलाने वडी कडक होते. सोडा कमी पडला तर साबण तेलकट राहतो, जास्त झाला तर हात भाजतो.

सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे घ्यावे; ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो. हातमोजे व चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे. अंगावर थेंब उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. सोड्याचे पाणी कोमट झाल्यावर तेलात ओतून पिठल्याइतके दाट होईपर्यंत ढवळावे आणि साच्यात ओतावे. घट्ट झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी, हातमोजे घालूनच वड्या कापाव्यात व चार आठवडे सावलीत वाळवाव्यात.

आम्ही कापडवाले, म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. हा साबण सुती कपड्यांसाठी आहे. रेशीम व लोकर क्षाराने कमकुवत होतात. त्यांना रिठ्याचे पाणी बरे. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटून कपड्यावर पांढरा साका बसतो. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा.

कोणी हा साबण विकायचे ठरवले तर एक ध्यानात ठेवावे. ताज्या वडीत पाणी असते. वाळली की तिचे वजन घटते. ओली वडी तोलून विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला मापात कमी देणे. सूरह अल्-मुतफ्फिफीनची सुरुवातच माप मारणाऱ्यांच्या निषेधाने झाली आहे. वडी वाळवावी, मग तोलावी, मगच दाम घ्यावे. बरकत त्यातच आहे.