वजने, ठोसे आणि आई

आमच्या महाविद्यालयाचा मराठी विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या जिन्यानेच माझे पितळ उघडे पाडले. वीस वर्षे मी वजने उचलीत आलो. जमिनीवरून ११० किलोंची सळई उचलणारा हा प्राध्यापक वर्गात पोचल्यावर हजेरी घेण्याऐवजी नुसत्या धापा टाकतो, हे पाहून मुलांची करमणूक होई. शेवटी डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, "दंड ठीक आहेत हो, पण छातीतल्या पंपालाही काही काम द्या!"

धावण्याचा मला पहिल्यापासून कंटाळा. घराजवळ मुष्टियुद्धाचा वर्ग निघाला होता, तिथे नाव घातले. शिकवणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी. व्याकरणात मी त्याला काठावर पास केले होते. ते तो विसरलेला नाही, हे दोरीवरच्या उड्या मारताना पहिल्याच संध्याकाळी माझ्या ध्यानात आले. त्याची अट एकच. "सर, आता वजनं बंद. वजनांनी हात जड होतो, ठोसा मंदावतो."

मी ऐकले. आठवड्यातून पाच संध्याकाळी पिशवीला बडवीत राहिलो. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विसावा, की पुन्हा फेरी. तीन महिन्यांत जिना शरण आला. चार किलो वजन उतरले. सौ. खूष, मीही खूष.

आईच्या खुब्याचे हाड दोन वर्षांपूर्वी मोडले. तेव्हापासून रोज सकाळी तिला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणे हे माझे काम. तिचे वजन अवघे ५२ किलो. पण माणूस म्हणजे सळई नव्हे. त्याला धरायला मूठ नसते, भार आपल्या अंगापासून दूर राहतो आणि जड झाले म्हणून तो हातातून सोडता येत नाही. गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. आई अर्धी वर आली असताना माझे गुडघे लटपटले. कसेबसे तिला परत पलंगावर टेकवले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, आज राहू दे. मी इथंच चहा घेते."

तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी जुन्या व्यायामशाळेत गेलो. ९० किलो कशीबशी उचलली. ९५ किलोंची सळई जागची हलली नाही.

मग मास्तरकी कामाला आली, वाचायला बसलो. स्वतः वजने उचलणारे अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दहा आठवडे काहींनी केवळ ताकदीचा व्यायाम केला, काहींनी त्याच्या जोडीला दमसासाचाही भरपूर केला. दोन्ही करणाऱ्यांची ताकद काही आठवडे वाढली, मग थांबली आणि अखेरीस चक्क उतरली. मी तर वजने पुरतीच सोडली होती! शिवाय खर्च वाढला तरी ताटातले अन्न तेवढेच. पिशवी कितीही बडवली, तरी सारा जोर एकवटून एकदाच लावण्याची सवय ती स्नायूंना देत नाही.

दिलासाही तिथेच मिळाला. ताकद कमवायला लागते त्यापेक्षा राखायला फारच थोडे लागते. १९८८ सालच्या एका प्रयोगात आठवड्याला एक-दोनच दिवस व्यायाम ठेवणाऱ्यांच्या पायांची ताकद बारा आठवडे टिकली. मात्र वजन तेच हवे. कमी करायची ती आवर्तने, भार नव्हे.

आणि जड हाताचे काय? मी शिष्यापुढे इव्हँडर होलिफील्डचे उदाहरण ठेवले. हा गडी खालच्या वजनगटातून वर आला आणि १९९० साली आपल्याहून कितीतरी वजनदार असलेल्या डग्लसला तिसऱ्या फेरीत झोपवून जगज्जेता झाला. त्याच्या शिक्षकांत शरीरसौष्ठवातला दिग्गज ली हेनी होता. (एक नृत्यशिक्षिकाही होती, पण तेवढी मजल आम्ही मारणार नाही.) शिष्य हसला. "सर, आता तुम्हीच माझी परीक्षा घेताय!"

तडजोड झाली. सोमवार, बुधवार, शनिवार ठोसे. मंगळवार, शुक्रवार वजने. वजनांचे प्रकार तीनच: खांद्यावर सळई घेऊन बैठका, जमिनीवरून उचल आणि डोक्यावर रेटणे. प्रत्येकाच्या तीन खेपा, खेपेला चार-पाच आवर्तने, मध्ये तीन मिनिटे स्वस्थ बसायचे. अगदी हात टेकेपर्यंत ताणायचे नाही, एखादे आवर्तन शिलकीत ठेवायचे. सुरुवात ८० किलोंपासून केली. ११० वर थेट झेप घेतली असती, तर आईशेजारी माझाही पलंग पडला असता. सौ.नी ताटात उसळीची एक वाटी आणि दोन अंडी वाढवली. हातात डंबेल्स धरून हवेत ठोसे मारण्याचा मोहही सोडला. डंबेलचा भार ओढतो खाली, ठोसा जातो पुढे. ताण पडतो तो बिचाऱ्या खांद्यावर. डोक्यावर मार घेण्याच्या लढती मात्र या वयात मुळीच नाहीत. व्याकरण आठवले पाहिजे ना!

दसऱ्यापर्यंत सळई १०० वर आली. जिना अजून शरणच आहे. परवा सकाळी आईला जरा तोऱ्यातच उचलले, तशी माझ्या मानेला घट्ट धरून ती म्हणाली, "अरे हळू! तुझी ती बडवायची पिशवी नव्हे मी!"