खोक्यात एकशे दोन पिल्लं

शंभर पिल्लांचं खोकं मागवलं की त्यात एकशे दोन निघतात. शंभरामागे दोन जास्त द्यायची ही हॅचरीवाल्यांची जुनी रीत. वाटेत एखाद-दुसरं दगावलं तरी गिऱ्हाइकाचा हिशोब पुरा भरावा म्हणून. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत चार कप्पे, एकेका कप्प्यात पंचवीस-सव्वीस पिल्लं. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात असं खोकं उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. मी गावची पशुसखी. शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणं, जंताचं औषध पाजणं ही माझी कामं, आणि कोणाच्या घरी किती पिल्लं जायची त्याची वहीही माझ्याकडेच असते.

आमच्या धाराशिव जिल्ह्याचं नाव उस्मानाबादी शेळीनं देशभर नेलं. कोंबडीला तसा मान कोणी दिला नाही. पण पाऊस हुकला, सोयाबीनचा भाव पडला, की दवाखान्याचे, वह्या-पुस्तकांचे, माहेरी जायच्या गाडीभाड्याचे पैसे बाईच्या हातात येतात ते अंड्यांतून आणि कोंबड्यांतून. त्या पैशाला घरात कोणी हिशोब विचारत नाही. म्हणून परसातल्या कोंबड्यांचं गणित नीट बसावं असं मला मनापासून वाटतं. हे गणित बिघडतं ते बहुतेक वेळा पिल्लं मागवतानाच.

बाई येते आणि म्हणते, "ताई, मला अंडी देणाऱ्या सहा कोंबड्या पाहिजेत, सहा पिल्लं लिहा." मी पंधरा लिहिते. तिला ते पटायला वेळ लागतो. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं आपल्याकडे येतात ती सरसकट, नर-मादी वेगळं न करता. म्हणजे निम्मे नर धरूनच चालायचं. पंधरांतली दोन-तीन पहिल्या महिन्यात जातात. कधी मांजर, कधी मुंगूस, कधी रात्रीचा गारठा. उरली बारा. त्यांतल्या सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, आणि सहा कोंबडे. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणजे पाच कोंबडे पहिल्या दिवसापासूनच जास्तीचे असतात. ते पाच कुठे जाणार, हे मी पिल्लं घरी जायच्या आधी विचारते आणि नावासमोर लिहून ठेवते.

एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद डोळ्यांना सहजी दिसत नाही. मासुई आणि हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी पिल्लाच्या गुदद्वारातली बारीक खूण पाहून लिंग ओळखायची पद्धत बसवली, आणि १९३०च्या दशकात ती जगभर गेली. अंड्यांच्या मोठ्या फार्मसाठी पिल्लं काढणाऱ्या हॅचऱ्यांत अशी निवड होते. माद्या फार्मवर जातात, आणि त्या जातीच्या नरांना अंगही धरत नाही म्हणून ते कोणालाच नको असतात. जर्मनीनं २०२२ पासून अशी नर पिल्लं मारायला कायद्यानं बंदी केली. आपल्याकडे त्यांतली कितीतरी गुलाबी, हिरवा, निळा रंग देऊन मोटारसायकलवरून खेड्यापाड्यांत विकली जातात. दहा-वीस रुपयांत पोराच्या हातात रंगीत पिल्लू पडतं. ते उन्हातान्हात फिरवलेलं, बिनलसीचं, आणि बहुतेक करून नर. घेऊ नका. स्वस्त म्हणून एकदा आवारात आणलेलं दुखणं सगळ्या आळीच्या कोंबड्या घेऊन जातं.

पशुसंवर्धन विभागाच्या योजना पाहिल्या तरी हेच गणित दिसतं. ५० टक्के अनुदानावर दोन प्रकारचे गट मिळतात. एक, १०० एकदिवसीय पिल्लांचा. दुसरा, आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा. त्यात २५ माद्या आणि ३ नर. या दुसऱ्या गटात जास्तीच्या कोंबड्यांचा प्रश्नच उरत नाही, आणि नाजूक दिवसही दुसऱ्या कोणीतरी सांभाळलेले असतात. जिच्या घरी दिवसभर माणूस नाही, तिनं तलंगाच घ्याव्यात. पिल्लं वाढवायची हौस आणि सवड ज्यांना आहे, त्यांनी पिल्लं घ्यावीत.

मग शंभराचं खोकं एका घरानं घ्यावं का? मी नको म्हणते. पण गावानं मात्र शंभराच्याच हिशोबानं चालावं. लसीची कुपीसुद्धा शंभर मात्रांची येते. एकदा फोडून पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. पंधरा पिल्लांसाठी कोणी कुपी फोडत नाही, म्हणून एकेकट्या घरातली पिल्लं बिनलसीची राहतात आणि मरतात. सात घरांनी मिळून खोकं घेतलं की सातव्या दिवशी बर्फावर आणलेली एक कुपी सगळ्यांना पुरते. पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा, म्हणजे राणीखेतवरच्या लसीचा, एक थेंब, पापणी मिटेपर्यंत हातात धरायचं, मग सोडायचं. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, दोन-अडीच महिन्यांनी राणीखेतची टोचायची लस, त्याच सुमाराला देवीची. एकाच दिवशी आलेली पिल्लं असली की तारखाही एकच राहतात. एका घरची आज, दुसऱ्या घरची पंधरा दिवसांनी असं झालं की कोणाचीच वेळ साधत नाही.

खोकं रात्रीच्या गाडीनं येतं. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा शेवटचा भाग ओढून घेतलेला असतो, आणि त्यावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना तग धरतं. अमेरिकेत १९१८ पासून टपालानं पिल्लं पाठवतात ती याच जोरावर. पण तग धरणं म्हणजे सुखात असणं नव्हे. खोकं उघडलं की आधी गूळपाणी. एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवून दाखवावी लागते. त्याला शिकवायला आई नसते ना. पाणी पिऊन झाल्यावर तासाभरानं मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरायचा. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंशांची, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवायला लागली की थंडी वाजते, चोची उघड्या टाकून कडेला पळाली की उकडतंय. मार्चात आमच्याकडे दुपारी बल्बची गरज नसते, पहाटे मात्र असते. आणि पहाटेच वीज जाते. तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवायच्या.

विजेवर भरवसा नसलेल्या घरांसाठी आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला एक जुना उपाय दाखवला. वनराज काय, गिरिराज काय, सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. अंडी घालण्यासाठी निवडत नेलेल्या जातींतून तो गुण गेला. गावरान कोंबडी मात्र खुडूक होते, आणि पंधरा-वीस दिवस बसली की तिला फक्त पिल्लं हवी असतात, कोणाची का असेनात. आत्याबाई दिवसभर थांबायच्या. अंधार पडला, घरातला दिवा मालवला, की टोपलीजवळ उकिडव्या बसायच्या. एक हात कोंबडीच्या छातीखाली घालून एक अंडं काढायचं, दुसऱ्या हातानं त्याच जागी पिल्लू सरकवायचं. तोंडानं अगदी हळू तिच्याशी बोलत राहायचं. कोंबडी घशातल्या घशात गुरगुरते, पंख थोडे वर उचलते आणि पुन्हा खाली दाबून धरते. दहा-बारा पिल्लं अशी आत जातात. सकाळी उजाडायच्या आत जाऊन पाहायचं. तिनं चोच मारायला सुरुवात केली असेल तर पिल्लं काढून घ्यायची. "कुटकुट" करून दाणा दाखवत असेल तर ती आता तिचीच. पिल्लं एक-दोन दिवसांची असतानाच हे जमतं, आठवड्याची झाली की ती आईला ओळखत नाहीत आणि आई त्यांना. खोक्यातली जास्तीची पिल्लं ठेवायची कुठे, हा प्रश्न पडला की गावात कोणाकडे खुडूक बसली आहे ते मी आधी शोधते. अशा घरी बल्बही लागत नाही आणि घारीचीही भीती कमी. आई आभाळाकडे लक्ष ठेवून असते.

सोयाबीन घरोघर असतं म्हणून कच्चं सोयाबीन पिल्लांना टाकू नये, हे मी प्रत्येक घरी बजावते. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, पिल्लं खुरटतात. भाजून भरडलं तर चालतं. ज्वारीची कणी, तांदळाची कणी, शेणानं भरलेलं मडकं ओल्या जागी पालथं घालून त्यात लागलेली वाळवी, हे सगळं उत्तम.

सहाव्या आठवड्यापासून कोंबडे ओळखू यायला लागतात. तुरा लाल होतो, पाय जाड दिसतात, उभं राहण्यात ताठा येतो. चौथ्या महिन्यात मारामाऱ्या सुरू. एका अंगणात सहा नर ठेवले तर माद्यांच्या पाठीची पिसं जातात, पाठी रक्ताळतात, अंडी घटतात. शिवाय एक मोठा कोंबडा दिवसाला शंभर ग्रॅमहून जास्त खातो. बारा कोंबडे म्हणजे रोजचं सव्वा किलो धान्य. मायेपोटी किंवा भाव वाढेल म्हणून त्यांना पोसत बसणारी बाई अंड्यांतून मिळालेलं कोंबड्यांत घालवते.

म्हणून माझा सगळा हिशोब आखाडावर बेतलेला. आषाढात आमच्याकडे कोंबड्याला मागणी असते तशी वर्षात क्वचितच. श्रावण लागला की बहुतेक घरांत खाणं बंद, पुढं गणपती, पितृपक्ष, नवरात्र. मागणी थेट दसऱ्यानंतर उठते. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला आलेली पिल्लं आखाडापर्यंत चार महिन्यांची होतात. एप्रिलमध्ये मागवली तर कोंबडे नेमके श्रावणात तयार होतात, आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. व्यापारी दारात येऊन उक्ता भाव करतो. सगळ्या घरांचे कोंबडे एकाच दिवशी, वजनकाट्यावर घालून विकले तर त्यालाही खेप परवडते आणि बायकांनाही चार पैसे जास्त मिळतात. नेताना पाय बांधून उलटे टांगू देऊ नका. पाटीत किंवा जाळीच्या पेटीत न्यायला सांगा. विकला तरी तो जीव आहे.

सगळेच कापायला जातात असं नाही. त्यातला सगळ्यात चांगला, अंगानं भरलेला, निरोगी नर मी बाजूला काढायला लावते. एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला की तो आपल्याच लेकींवर चालतो, पिल्लं अशक्त निघतात. म्हणून दर एक-दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी नराची अदलाबदल करायची. पैसे कोणी घेत नाही, नराला नर. मात्र गावरान कोंबड्यांत सुधारित नर सोडायचा का, याबद्दल माझं मत ठाम आहे: निदान काही घरांनी शुद्ध गावरान राखावं. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ग्रामप्रिया त्याच्या दुपटीहून जास्त. पण खुडूक बसणारी कोंबडीच गावात उरली नाही तर प्रत्येक पिल्लासाठी हॅचरीकडे हात पसरावा लागेल.

तलंगा जास्त झाल्या तर त्या अर्धलीनं द्याव्यात. शेळीची अर्धल सगळ्यांना माहीत आहे, कोंबडीचीही तशीच चालते. कोंबडी माझी, सांभाळ तुझा, पिल्लं निम्मी-निम्मी. ज्या एकट्या बाईकडे खोक्याचा वाटा भरायला पैसे नसतात, तिच्या अंगणात कोंबड्या उभ्या राहतात त्या अशाच. लेक बाळंतपणाहून सासरी निघाली की तिच्याबरोबर एक-दोन तलंगा देणाऱ्या आयाही आमच्याकडे आहेत. नव्या घरी पोचलेल्या कोंबडीला पहिले चार-पाच दिवस डालग्याखाली ठेवायचं, तिथंच दाणापाणी द्यायचं, जागा ओळखीची झाली की सोडायचं. लगेच सोडली तर ती भटकते, संध्याकाळी खुराड्यात येत नाही. घरात आधीच्या कोंबड्या असतील तर नवीन पक्षी तीन आठवडे लांब बांधावा. दुखणं असलं तर तेवढ्यात दिसतं.

दुखण्याच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकून घेत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली, दोन कोंबड्या मान वाकडी करून पडल्या, हिरवट-पांढरी हगवण लागली, की उरलेल्या कोंबड्या घाईघाईनं आठवडी बाजारात नेऊन विकायची खोड आपल्याकडे जुनी आहे. घरचं नुकसान टळावं म्हणून माणूस ते करतो, हे मला कळतं. पण त्या पाटीतून रोग दहा गावांना जातो आणि महिन्याभरात फिरून आपल्याच दारात येतो. बर्ड फ्लूचं तर विचारूच नका. देशात तो पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तपासणीत तोच रोग निघाला आणि परिसरातल्या उरल्यासुरल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. मरतूक दिसली की विकू नका, कोणाला देऊ नका, उकिरड्यावर टाकू नका. चुना टाकून खोल पुरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.

या साली पिल्लं घ्यायची असतील तर संक्रांतीच्या सुमारास शेजारच्या पाच-सात घरांत बसून बोला. खोक्याची मागणी एकत्र नोंदवा, लसीच्या तारखा दवाखान्यातून आधीच लिहून आणा, प्रशिक्षण आणि सल्ला हवा असेल तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि वहीत प्रत्येक नावापुढं दोन रकाने करा: पिल्लं किती घेणार, आणि कोंबडे कोणाला देणार. दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्यातला आकडा वाढवू नका.