ब्रेकचा सूर, चाकाची लय

ब्रेक लावताना पुढच्या चाकातून जी किंकाळी निघते, ती शेवटपर्यंत कान देऊन ऐकली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. गाडी मंदावत जाते, पण सूर खाली उतरत नाही. ताशी वीस किलोमीटरला जो सूर लागला, जवळजवळ तोच ताशी पाचला टिकून असतो आणि गाडी थांबता थांबता एकदम तुटतो. इंजिनाचा आवाज वेगाबरोबर चढतो-उतरतो, टायरचा घोंघाट कमी होत जातो; हा मात्र जागचा हलत नाही. चाकाच्या फिरण्यातून तो जन्मला असता, तर असं झालंच नसतं. मग हे वाजतंय तरी काय?

वाजते ती मुख्यतः डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची जाड चकती. नवी डिस्क दोरीला टांगून पान्याने हलकेच ठोकली तर ती छान घणघणते. तिचे सूर तिच्या आकारावर, जाडीवर आणि धातूवर ठरलेले असतात, गाडीच्या वेगावर नव्हे. कॅलिपर नावाच्या चिमट्यातले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून घासू लागले की यातलाच एखादा सूर जागा होतो. पॅडचे आणि कॅलिपरचे कंपही त्यात मिसळतात. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी यांनी 1787 मध्ये अशाच कंपांची चित्रं प्रसिद्ध केली होती. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरायची, पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा, की थरथरणाऱ्या भागावरची वाळू उडून स्थिर रेषांवर गोळा होते आणि नक्षी उमटते. आज किंचाळणाऱ्या डिस्कवर प्रयोगशाळेत लेसर रोखतात तेव्हा तसाच प्रकार दिसतो. डिस्कचा एक भाग बाहेर झुकतो, शेजारचा आत जातो आणि दोघांच्या मधली रेषा अचल राहते. हे झुकणं मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावं इतकं सूक्ष्म असतं, तरी त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचतो.

इथे गजाचं काम पॅड करतो. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती तारेला पकड मिळावी म्हणून. गज तारेला धरून ओढत नेतो, ताण वाढतो, तार निसटून मागे घसरते आणि पुन्हा पकडली जाते. चिकटलेली वस्तू हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा हललेली वस्तू हलती ठेवायला कमी लागतो. या फरकातच सगळं संगीत दडलेलं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाच्या शोधाआधी या प्रश्नावर अनेक वर्षं घालवली. गजाखालची तार नेमकी कशी कंप पावते, यावरचा त्यांचा सविस्तर ग्रंथ कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने 1918 मध्ये छापला. ब्रेकच्या किंकाळीमागे त्याच जातीचं गणित आहे, हे कळल्यावर तो आवाज निव्वळ कटकट वाटेनासा होतो.

थोडा हिशोब करू. लहान मोटारीच्या टायरचा परीघ साधारण पावणेदोन ते दोन मीटर असतो. ताशी दहा किलोमीटरला चाक दोन सेकंदांत तीन फेरे घेतं. किंकाळी दोन हजार हर्ट्झची धरली, तर चाकाचा एक फेरा पुरा होईपर्यंत धातू तेराशेहून अधिक वेळा थरथरलेला असतो. आणि माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो नेमका दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात.

मंद वेगालाच हे जास्त का ऐकू येतं? एक तर वारा, टायर आणि इंजिन गप्प झालेले असतात. पण खरं कारण घर्षणातच आहे: पॅड आणि डिस्क एकमेकांवरून सावकाश सरकत असतील, तरच पकडायला उसंत मिळते. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला उभी असताना ब्रेकवरचा पाय अगदी थोडा सैल केला, की कधी कधी पुढून 'गुर्रर्र' असा जड आवाज येतो, तो याच पकड-सुटीचा उघडा नमुना. पाय आणखी उचला किंवा पुन्हा दाबा, गुरगुर विरते.

मात्र पकड-सुट हे एकच कारण नाही. 1938 मध्ये ब्रिटनमध्ये एच. आर. मिल्स यांनी ब्रेकच्या आवाजाचा अभ्यास केला, तेव्हा सरकण्याचा वेग वाढला की घर्षण घटतं यात त्यांना उत्तर दिसलं. पुढे 1961च्या सुमारास आर. टी. स्पर यांनी दाखवलं की घर्षण जराही बदललं नाही तरी ब्रेक किंचाळू शकतो. पॅड किंचित तिरका भिडला, तर घर्षणच त्याला आणखी रुतवतं. आधार वाकतो, पॅड सुटतो, पुन्हा रुततो. शाळेच्या फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की अंगावर काटा आणणारा आवाज निघतो, तसंच हे. म्हणूनच कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या कोरड्या पडल्या की चांगले जाड पॅडही ओरडू लागतात. कॅलिपर अडकतो, पॅड तिरका बसतो आणि एका टोकाला जास्त झिजतो. पिना साफ करून योग्य ते ग्रीस भरणं हे अगदी छोटं काम. नवे पॅड घालण्याआधी ते करून पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

सुरावरून काय वाजतंय ते कळतं, तर लयीवरून चाक गुंतलंय की नाही ते कळतं. आवाज सलग नसून तुटक असेल, तर त्याचे ठोके मोजा. ताशी दहाला दोन सेकंदांत साधारण तीन वेळा 'खर्र' होत असेल आणि वेग निम्मा केल्यावर ठोकेही निम्मे होत असतील, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा काहीतरी घासतंय: डिस्कवरचा गंजाचा डाग, डिस्कच्या जाडीतला फरक किंवा वाकून टेकलेला डिस्कमागचा पातळ पत्रा. या पत्र्याच्या आणि डिस्कच्या मधे खडा अडकला तरी भयंकर कर्कश आवाज होतो. तो ब्रेक न लावताही येतो आणि गाडी थोडी मागे घेतली की कधी आपोआप जातो. याउलट ब्रेक लागताक्षणी एकदाच 'कट्', रिव्हर्स घेऊन ब्रेक लावला की पुन्हा एकदाच 'कट्', असं होत असेल तर तिथे काहीच घासत नाही, काहीतरी सैल आहे. बऱ्याचदा पॅड आपल्या खाचेत पुढे-मागे सरकत असतो, कारण त्याची स्प्रिंग-क्लिप हरवलेली असते. पण सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट गेले तरी असाच ठोका येतो, आणि ते दुखणं गंभीर आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

पावसाळ्यातल्या सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना येणाऱ्या खरखरीची चिंता करायचं कारण नाही. डिस्कच्या घासणाऱ्या भागाला रंग देता येत नाही, त्यामुळे उघड्या बिडावर रात्रीतून गंज चढतो आणि पॅड तो खरवडून काढतात. बीड वापरतात तेही विचारपूर्वक. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे पोलादाच्या मानाने कंप लवकर जिरतात आणि उष्णता झटकन पसरते. उष्णताही थोडीथोडकी नसते. बाराशे किलोची गाडी ताशी साठवरून थांबवताना जितकी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तितकीत अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांना सोसावा लागतो.

एक किंकाळी मात्र मुद्दाम घडवलेली असते. पुष्कळ पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी जोडलेली असते. पॅडचा माल दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि पॅड संपत आल्याची वर्दी देते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढचा आवाज सुराचा नसतो, धातूवर धातू रगडल्याचा जाडाभरडा 'घर्रर्र' असतो. तो ऐकला की गाडी चालवायची नाही. मेकॅनिकला जागेवर बोलवायचं.

आवाज नेमका कुठल्या चाकाचा, यात कान फसतात, कारण धातूच्या सांगाड्यातून तो कुठूनही कुठे पोहोचतो. काचा खाली करून कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी हळू चालवावी, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. भिंतीवरून परतणारा आवाज बाजू सांगून जातो. रिकाम्या गल्लीत चालण्याच्या वेगाला फक्त हँडब्रेक हलकेच ओढावा. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांनाच लागतो. तेवढ्यानेही आवाज आला, तर पुढच्या चाकांवर उगाच संशय होता. एखाद्याला बाहेरून सोबत चालायला सांगितलं तर फारच उत्तम.

ब्रेकच्या या ओरडण्याचा इतिहास डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा पॅड तांब्याचे होते. ते लवकर झिजत आणि असह्य किंचाळत. 1907 मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर वापरून तो आवाज आटोक्यात आणला; फुप्फुसांना घातक म्हणून तेच अ‍ॅस्बेस्टॉस पुढे देशोदेशी हद्दपार करावं लागलं. 1953 मध्ये जग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या बळावर ल मांची शर्यत जिंकली, आणि मग ही चकती साध्या मोटारींतही आली.

आज किंकाळीवरचा उपाय पॅडच्या पाठीमागे दडलेला असतो. शिम नावाचा तो पातळ पत्रा. चांगल्या शिममध्ये पोलाद आणि रबर यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पॅड थरथरला की रबर ती थरथर गिळून तिची किंचितशी उष्णता करतं. पॅड बदलताना या शिम जुन्या पॅडसोबत भंगारात जातात आणि नवे पॅड दुसऱ्या दिवसापासून ओरडू लागतात, असं सर्रास घडतं. तेव्हा गॅरेजमध्ये उभं राहून शिम आणि क्लिपा परत बसल्या का, हे विचारून घ्यावं. आणि आवाज घालवायला म्हणून कोणी डिस्कवर किंवा पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेलाचा, ग्रीसचा थेंबही लावू पाहील, तर त्याचा हात धरावा. ग्रीस पॅडच्या पाठीला आणि कॅलिपरच्या पिनांना, तेही ब्रेकसाठी बनवलेलंच.