न उघडलेला रुमाल

दिवाळी उलटल्यावरचा पहिला सोमवार, सकाळचे दहा. राज्यभर दुकानं असलेल्या एका कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत खरेदी विभागाची बैठक भरली आहे. प्रश्न साधा आहे: दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत कुठल्या दुकानात काय खपलं? उत्तर कंपनीच्या डेटा वेअरहाऊसमध्ये आहे, पण पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरतंय. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंचवीस गेली. कुणी म्हणतं, "क्वेरी लटकली." दुसरं कुणी म्हणतं, "सर्व्हर वाढवून घ्या."

अशा बैठका मी अनेक वर्षं पाहत आलो आहे, कारण लटकलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले अडकलेले प्रश्न, सोडवणं हेच माझं काम आहे. सर्व्हर वाढवणं हा उपाय कधीकधी बरोबर असतो. पण माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक संथ क्वेरींचं दुखणं ताकद कमी पडण्याचं नव्हतं. त्या नको तेवढं वाचत होत्या. वाचायची गरज नसलेला डेटा बाजूला राहिला की त्याच मशीनवर तीच क्वेरी झपाट्यानं चालते. हे कसं साधतं, ते या लेखात उलगडून सांगतो.

रोजकीर्द आणि खतावणी

आपल्याकडच्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचा व्यवहार घडेल तसा उतरायचा आणि मग त्याच नोंदी खातेवार खतावणीत चढवायच्या. आज काय झालं ते कीर्द सांगते, कुणाकडे किती येणं आहे ते खतावणी सांगते. एका गिऱ्हाइकाचं वर्षभराचं येणं काढायला कुणी कीर्द पहिल्या पानापासून चाळत बसत नसे.

संगणकातही हीच विभागणी आहे. काउंटरवर बिल निघालं की नोंद व्यवहाराच्या डेटाबेसमध्ये होते. त्याच नोंदी तिथून उचलून, साफ करून, प्रश्न विचारायला सोयीच्या अशा रचून जिथे ठेवतात ते डेटा वेअरहाऊस, म्हणजे डेटाची वखार. बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ साली आयबीएमच्या नियतकालिकात ही कल्पना मांडली. बिल इनमन यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे ती रूढ झाली. राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या पुस्तकानं रचनेची रीत घालून दिली: मधोमध व्यवहारांचं भलंमोठं फॅक्ट टेबल आणि भोवती दुकान, वस्तू, ग्राहक, तारीख अशी लहान डायमेन्शन टेबलं.

पुढे साठवण्याची पद्धतही बदलली. एका ओळीतले सगळे कॉलम शेजारीशेजारी ठेवण्याऐवजी एकेका कॉलममधली सगळी मूल्यं एकत्र ठेवायची, हा विचार मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या 'सी-स्टोअर' प्रकल्पानं पुढे नेला. आजची रेडशिफ्ट, स्नोफ्लेक आणि बिगक्वेरी ही वेअरहाऊसं कॉलमवारच साठवण करतात. क्वेरीत ज्या कॉलमचं नाव आहे तेवढाच वाचला जातो. म्हणूनच 'सिलेक्ट स्टार' लिहून सगळे कॉलम मागवण्याची सवय वेअरहाऊसमध्ये महाग पडते.

रुमालावरची चिठ्ठी

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. समजा, प्रत्येक रुमालावर चिठ्ठी आहे: आत अमुक सालापासून तमुक सालापर्यंतचे कागद. १७६१ चा कागद शोधणारा अभ्यासक चिठ्ठ्या वाचत जाईल आणि ज्या रुमालात ते साल बसत नाही त्याची गाठसुद्धा सोडणार नाही.

वेअरहाऊस नेमकं हेच करतं. रेडशिफ्टमध्ये डेटा एकेक मेगाबाइटच्या ब्लॉकमध्ये असतो. स्नोफ्लेकमध्ये तो कॉम्प्रेस होण्यापूर्वी ५० ते ५०० मेगाबाइट भरेल अशा मायक्रोपार्टिशनमध्ये असतो. प्रत्येक तुकड्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मूल्य वेगळं नोंदलेलं असतं. क्वेरीतली तारीख त्या दोहोंच्या मध्ये पडत नसेल, तर तो तुकडा उघडलाच जात नाही.

हिशेब करून पाहू. विक्रीच्या टेबलात पाच वर्षांचा, म्हणजे साठ महिन्यांचा, एक टेराबाइट डेटा आहे आणि त्यात सारख्या आकाराचे साठ कॉलम आहेत असं धरू. आपल्याला चारच कॉलम हवेत: तारीख, दुकान, वस्तू आणि रक्कम. झाला पंधरावा हिस्सा. त्यातला एकच महिना हवा, म्हणजे साठावा हिस्सा. दोन्ही मिळून नऊशेवा हिस्सा. एका टेराबाइटऐवजी एक गिगाबाइटच्या थोडं वर वाचून काम होतं. नऊशेपट ताकदीचं मशीन कुणी विकत देणार नाही, पण ही नऊशेपट बचत नीट लिहिलेल्या क्वेरीतून मिळते.

दोन गोष्टींनी ही बचत हातची जाते. कागद सालवार न बांधता आले तसे बांधले, तर प्रत्येक चिठ्ठीवर दफ्तराचं पहिलं आणि शेवटचं साल येतं आणि सगळेच रुमाल सोडावे लागतात. म्हणून ज्या कॉलमवर प्रश्न नेहमी विचारले जातात, बहुधा तारखेवर, त्यानुसार टेबल पार्टिशन करावं किंवा क्रमानं लावावं. दुसरी चूक क्वेरीच्या लिखाणातली. 'बिलाच्या तारखेतून महिना काढ आणि तो १० आहे का बघ' असं लिहिलं, की प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवावं लागतं आणि चिठ्ठीचा उपयोग अनेकदा संपतो. तेच 'तारीख १ ऑक्टोबर किंवा त्यानंतरची आणि १ नोव्हेंबरच्या आधीची' असं साल घालून लिहिलं, की चिठ्ठी कामाला येते.

'मी तर फक्त दहा ओळी मागितल्या होत्या' हेही नेहमी ऐकू येतं. बिगक्वेरीत वाचलेल्या बाइट्सवर आकारणी होते तेव्हा, टेबल क्लस्टर केलेलं (क्रमानं लावलेलं) नसेल तर 'लिमिट १०' लिहून बिल कमी होत नाही. दहा ओळी दाखवण्याआधी कॉलम पूर्ण वाचलेला असतो.

आधी नाडी, मग औषध

क्वेरी हातात आली की मी पहिला प्रश्न विचारतो: ती चालतेय की थांबली आहे? सकाळी दहाला सगळ्या विभागांचे डॅशबोर्ड एकदम ताजे होऊ लागले, तर क्वेरी रांगेत उभी राहते. पंचवीस मिनिटांतली वीस रांगेत गेली असतील, तर क्वेरीतला शब्दन्‌शब्द बदलूनही फरक पडणार नाही. तिथे डॅशबोर्डच्या वेळा विभागणं हाच इलाज.

दुसरी खबरदारी कॅशेची. तीच क्वेरी जशीच्या तशी दुसऱ्यांदा चालवली, की स्नोफ्लेक किंवा बिगक्वेरी साठवलेलं उत्तर क्षणात पुढे करू शकतात. काही न बदलता क्वेरी 'सुधारली' असं वाटायला लागतं. मोजमाप करताना ही सोय बंद ठेवावी.

मग उघडायचा एक्झिक्युशन प्लॅन. क्वेरीत काय हवं ते आपण सांगतो, ते कसं मिळवायचं ते डेटाबेसचा ऑप्टिमायझर ठरवतो. त्याचा आराखडा 'एक्सप्लेन' ही आज्ञा दिली की दिसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइज' म्हटलं, की क्वेरी खरोखर चालते आणि प्रत्येक पायरीपुढे दोन आकडे येतात: किती ओळी येतील असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात किती आल्या. मी प्लॅन वाचतो तो या दोन आकड्यांतली फट शोधत. जिथे ती अचानक रुंदावते, तिथून दुखणं सुरू झालेलं असतं.

पुणे महाराष्ट्रात आहे, हे ठाऊक नसलेला ऑप्टिमायझर

ही फट का पडते? १९७९ साली आयबीएममधल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. प्रत्येक मार्गाचा खर्च अंदाजानं काढायचा आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा, ही त्यातली पद्धत आजच्या ऑप्टिमायझरांचा पाया आहे. माहितीच नसेल तर काय धरायचं, तेही त्यात ठरवून दिलं होतं: 'कॉलम बरोबर अमुक' अशी अट असेल आणि त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसेल, तर दहावा हिस्सा ओळी. दोन अटी असतील तर त्यांचे हिस्से एकमेकांना गुणायचे.

या गुणाकारात खाच आहे. विसातलं एक बिल पुण्याचं आणि पाचातलं एक महाराष्ट्राचं असं धरा. 'शहर पुणे आणि राज्य महाराष्ट्र' अशी अट घातली, की साधा ऑप्टिमायझर गुणाकार करून शंभरावा हिस्सा सांगतो. खरं उत्तर विसावा हिस्सा, कारण पुण्याचं प्रत्येक बिल महाराष्ट्राचंच असतं. म्हणजे एका अटीत पाचपट चूक. अशा अटींसह चारपाच टेबलं एकमेकांना जोडली, म्हणजे जॉइन एकावर एक रचले, की चूक फुगत जाते. म्युनिक आणि अ‍ॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २०१५ साली चित्रपटांच्या खऱ्याखुऱ्या डेटावर नामवंत ऑप्टिमायझर तपासले, तेव्हा ओळींच्या अंदाजात सगळेच मोठ्या चुका करताना आढळले आणि जॉइन वाढले तशा चुकाही वाढल्या.

अंदाज चुकला की पुढची निवड चुकते. 'लहान' समजून मेमरीत घ्यायला काढलेलं टेबल मावत नाही आणि डिस्कवर सांडतं. हे सांडणं किती महाग? मेमरीतून एक मूल्य आणायला एक सेकंद लागतो असं मोजमाप धरलं, तर एसएसडीला सुमारे सतरा मिनिटं आणि फिरत्या हार्डडिस्कला एक दिवसाहून जास्त लागेल. म्हणून मोठी भर टाकल्यावर टेबलाची सांख्यिकी, म्हणजे ज्यावरून हे अंदाज बांधले जातात ती माहिती, ताजी करणं महत्त्वाचं. पोस्टग्रेस आणि रेडशिफ्टमध्ये त्यासाठी 'अ‍ॅनलाइज' आहे. शहर आणि राज्यासारखे एकमेकांत गुंतलेले कॉलम पोस्टग्रेसला २०१७ पासून वेगळे सांगून ठेवता येतात.

नऊ रिकामे, एक घामाघूम

मोठ्या वेअरहाऊसमध्ये काम अनेक मशीनवर वाटलेलं असतं आणि सर्वांत मागे राहिलेलं मशीन संपेल तेव्हाच क्वेरी संपते. ग्राहक क्रमांकावरून वाटणी करावी हे वरवर बरोबर दिसतं. पण आपल्याकडे कितीतरी गिऱ्हाइकं बिलाला मोबाइल नंबर देत नाहीत आणि काउंटरवर ती सगळी बिलं एकाच ठरलेल्या क्रमांकावर टाकली जातात. मग त्या क्रमांकाच्या सगळ्या ओळी एकाच मशीनवर येऊन पडतात. दहांतली नऊ मशीन काम आटोपून बसून राहतात. अशा वेळी आणखी दहा मशीन घेतली तरी ती नुसती बसून राहणाऱ्यांत जमा होतात. वाटणीचा कॉलम निवडण्याआधी त्यात कुठलं मूल्य किती वेळा येतं, हे मोजून पाहावं.

फुगलेल्या ओळी

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा विक्रीचा रिपोर्ट माझ्याकडे आला. विक्रीचं टेबल सवलतींच्या टेबलाला वस्तूच्या क्रमांकावर जोडलेलं होतं. लिहिणाऱ्यानं धरलं होतं की एका वस्तूला एकच सवलत असणार. सणाच्या दिवसांत एकेका वस्तूवर चारचार सवलती चालू होत्या, त्यामुळे विक्रीची प्रत्येक ओळ चार वेळा येत होती. एक कोटी ओळींच्या चार कोटी झाल्या. त्या कमी व्हाव्यात म्हणून शेवटी पुन्हा आलेल्या ओळी गाळणारं 'डिस्टिंक्ट' लावलं होतं आणि सगळा वेळ त्या चाळणीत जात होता.

उशिराहून गंभीर गोष्ट पुढे दिसली. रिपोर्टमधल्या बेरजा 'डिस्टिंक्ट'च्या आधीच होत होत्या, म्हणून त्या वस्तूंची विक्री चौपट दिसत होती. त्या आकड्यांवरून पुढच्या मालाची मागणी ठरायची. सवलतीच्या टेबलातून त्या बिलाला प्रत्यक्ष लागलेल्या सवलतीची एकच ओळ घेतली, तशी क्वेरी वेगानं चालू लागली आणि आकडेही बरोबर आले. तेव्हापासून संथ क्वेरी दिसली की ती चुकीची तर नाही ना, हे मी आधी तपासतो.

काम हाती घेताना

क्रम साधा आहे. आधीच्या उत्तरातल्या ओळींची संख्या आणि एकूण बेरीज लिहून ठेवावी. रांग आणि प्रत्यक्ष काम वेगळं मोजावं. प्लॅन उघडून फट शोधावी. नको ते कॉलम काढावेत आणि तारखेची अट सरळ लिहावी. जॉइनच्या दोन्ही बाजूंना किती ओळी जुळतात ते पाहावं. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशानं आला ते कळत नाही. दहा जण रोज तीच बेरीज मागत असतील, तर ती रात्रीच करून मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये ठेवावी. एवढं झाल्यावरही क्वेरी रेंगाळली, तर मोठं मशीन जरूर मागावं. तोवर ते का हवं हे आकड्यांत सांगता येईल.

वेअरहाऊसमध्ये रोज नव्या ओळींची भर पडत असते. आज पाच मिनिटं घेणारी बेफिकीर क्वेरी पुढच्या दिवाळीला अर्धा तास घेईल. आकडे वेळेवर आले नाहीत, की माणसं त्यांच्यासाठी थांबत नाहीत, अंदाजानं निर्णय घेऊन मोकळी होतात. म्हणून या क्षेत्रात नव्यानं आलेल्या मुलामुलींना कळकळीनं सांगतो: क्वेरी लिहून उत्तर आलं की काम झालं असं समजू नका. एकदा तिचा प्लॅन उघडा आणि कोणते रुमाल उगाच सोडले गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.