गुरुकिल्ली

गुरुकिल्ली म्हणजे निरनिराळ्या खाचांच्या अनेक कुलपांना चालणारी एकच किल्ली. ‘यशाची गुरुकिल्ली’ यासारख्या लाक्षणिक प्रयोगांत हा शब्द इतका रुळला आहे, की मूळ वस्तू जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

व्युत्पत्ती

‘किल्ली’चा संबंध संस्कृत ‘कील’ (खुंटी, पाचर) या शब्दाशी जोडला जातो. ‘खीळ’ हा शब्दही त्याच गोतावळ्यातला. म्हणजे अडवणारी खीळ आणि उघडणारी किल्ली एकाच घरातल्या. ‘किल्ला’ मात्र अरबीतून आलेला असून त्याचा येथे संबंध नाही. ‘कुलूप’ हे अरबी ‘कुफ्ल’चे वर्णविपर्ययाने झालेले रूप आहे, तर ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली. समासातील ‘गुरु’ हा शब्द ‘मोठी, वरचढ’ या अर्थाचा आहे.

खाचा आणि दाते

जुन्या साध्या कुलपांच्या पोटात धातूच्या स्थिर पट्ट्या अडसर म्हणून बसवलेल्या असत. किल्लीच्या पात्याला त्या पट्ट्यांच्या जागी खाचा पाडल्या, तरच ती आत फिरे. परंतु कळ सरकवण्याचे काम पात्याचे टोकच करते. म्हणून मधला भाग कानशीने घासून टाकला, की उरलेली सांगाडावजा किल्ली बहुतेक अडसरांना चुकवून जाई. अशी किल्ली घरमालकाच्या जितकी सोयीची, तितकीच चोराच्याही.

१८६१ व १८६५ मध्ये लायनस येल (धाकटे) यांनी पेटंट घेतलेल्या पिनांच्या कुलपात हा उपाय चालत नाही. त्यातील प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते. किल्लीच्या खाचांमुळे सर्व सांधे एका रेषेत आले, तरच आतील दंडगोल फिरतो. गुरुकिल्लीची सोय करण्यासाठी पिनेत आणखी एक लहान तुकडा घालतात. त्यामुळे त्या छिद्रात दोन उंची चालतात. पाचही छिद्रांत असे तुकडे असल्यास ते कुलूप दोन नव्हे, तर ३२ प्रकारच्या खाचरचनांनी उघडते.

या सोयीची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागते. २००३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ मॅट ब्लेझ यांनी दाखवले, की एक कुलूप, त्याची साधी किल्ली व काही कोऱ्या किल्ल्या हाताशी असल्यास कुलूप न खोलता, एकेक खाच आजमावत, संपूर्ण इमारतीची गुरुकिल्ली बनवता येते. काही कुलूप-कारागिरांना ही रीत आधीपासून ठाऊक होती.